जी, एदे, आक्पु : इग्बो कंदनामे आणि भारतीय अनुवादक

आफ्रिकी कथात्म साहित्याच्या भारतीय अनुवादांविषयी जी चर्चा होते ती बहुधा म्हणी, दंतकथा, वसाहतकाळाचा अनुभव आणि लेखकाने आपल्या कामासाठी वाकवलेली इंग्रजी यांभोवतीच फिरते. शेतातील व स्वयंपाकघरातील शब्दांचा प्रश्न तिच्यात क्वचितच निघतो. तो किरकोळ समजला जातो, कोश उघडला की सुटतो असे गृहीत धरले जाते. हे गृहीत किती महाग पडते हे पाहावयाचे असेल तर नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो भाषेकडे, आणि तिच्यातील एकाक्षरी शब्दाकडे पाहावे. तो शब्द ‘जी’. चिनुआ अचेबे यांनी आपल्या इंग्रजी कादंबऱ्यांत त्याच्या जागी ‘याम’ हा शब्द योजला. तेथून मराठीत येताना अनुवादकाचा हात इंग्रजी-मराठी कोशाकडे जातो, आणि तेथे त्याच्या हाती ‘सुरण’ किंवा ‘रताळे’ पडते. दोन्ही शब्द चूक आहेत; आणि ही चूक वनस्पतिशास्त्रापुरती राहत नाही, ती कथानकच मोडते.

प्रथम वनस्पतींविषयी थोडे. सुरण हा अळूच्या कुळातला, रताळे गारवेलीच्या कुळातले. याम हा या दोहोंचा कोणी नव्हे. डायोस्कोरिया या प्रजातीतील वेलींचा तो कंद होय. मराठी मुलखाला ही प्रजाती अपरिचित नाही. कोनफळ, करांदा, कणगर ही सर्व तिचीच भावंडे. परंतु ती कोकणातल्या परसात आणि डोंगरपट्टीतल्या आदिवासींच्या आहारात राहिली, छापील गद्यात फारशी आली नाहीत. गोंधळाचे मूळ इंग्रजीत आहे. सुरणाला इंग्रजीत ‘हत्तीच्या पायाचा याम’ म्हणतात, आणि अमेरिकेत तर रताळ्याच्या काही वाणांनाच याम म्हणण्याचा प्रघात पडला. इंग्रजीने केलेला हा घोटाळा भारतीय कोशांनी निष्ठेने उतरवून घेतला. वस्तुतः ‘याम’ हा शब्द इंग्रजीचा नव्हेच. पोर्तुगीज ‘इन्यामे’ या रूपावरून तो आला, आणि पोर्तुगिजांनी तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उचलला असे मानले जाते. फुला भाषेत ‘न्याम’ या धातूचा अर्थ खाणे असा आहे. ज्या कंदाचे नाव ‘खाणे’ या क्रियेवरूनच पडले, त्याचे त्या प्रदेशातील स्थान निराळे सांगावयास नको. पांढरा याम हा पश्चिम आफ्रिकेच्या शेतीचे स्वतःचे अपत्य आहे. नायजर नदीच्या खोऱ्यात रानवेलीपासून तो माणसाळला गेला, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले आहे. आजही जगात पिकणाऱ्या यामांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक याम एकट्या नायजेरियात पिकतात.

आता भाषेकडे वळावे. इग्बोत ‘जी’ हे एका कंदाचे नाव आहे आणि त्याच वेळी कंदांच्या मांडणीतील ते प्रमुख पदही आहे. ब्राझीलकडून पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात कसावा किनाऱ्यावर उतरला आणि पुढे सावकाश आत शिरला. इग्बोत त्याला ‘आक्पु’ म्हणतात. पण ‘जी-आक्पु’ हेही रूप रूढ आहे, म्हणजे नवा पाहुणा जीच्या घरात, जीचे नाव पुढे लावून, दाखल झाला. नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या हाताखाली बसविण्याची ही रीत इग्बोत सर्वत्र दिसते. ‘उबे’ हे तेथील एका देशी फळाचे नाव. ॲव्होकाडो आला तेव्हा तो ‘उबे ओयिबो’, गोऱ्यांचा उबे, झाला. नारळ हा ‘आकी बेके’, गोऱ्यांचे पामबीज. (‘बेके’ हा शब्द 1854 मध्ये नायजर नदीवर मोहीम घेऊन आलेल्या बेकी या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून पडला असे समजले जाते. एका माणसाचे नाव साऱ्या वंशाला चिकटावे, हा भाषेचा विनोद.) मराठीतील ‘विलायती चिंच’ याच जातीची. मात्र चिंचेला मराठीत जे स्थान आहे त्याहून जीचे इग्बोतील स्थान फार मोठे आहे, हे विसरता कामा नये.

ते किती मोठे, हे केवळ शब्दसंग्रहावरूनही दिसते. याम साठविण्याची जी उभी चौकट असते तिला ‘ओबा’ हे स्वतंत्र नाव आहे. तिच्यावर एकेक कंद उभा बांधून ठेवतात. पुरुषाची संपत्ती तेथे येणाऱ्याजाणाऱ्याला मोजता येते. यामशेतीत श्रेष्ठ ठरलेल्यासाठी ‘एझे जी’, म्हणजे जीचा राजा, ही पदवी आहे. याम राखणारी देवता ‘न्जोकू जी’. नवे याम त्या देवतेला व पितरांना अर्पण झाल्यावाचून कोणी खावयाचे नाहीत, आणि त्या सणाचे नाव ‘इवा जी’, म्हणजे जी चिरणे, किंवा ‘इरी जी’, जी खाणे. याम मोजावयाचे ते नगाने. पारंपरिक इग्बो गणना विसांच्या पटीने चालते आणि वीस विसांना ‘न्नु’ हा स्वतंत्र शब्द आहे. 1958 च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये तरुण ओकोन्क्वो बियाण्याचे याम वाट्याने मागावयास न्वाकिबिये या श्रीमंत शेतकऱ्याकडे जातो, तेव्हा तो त्याला आठशे याम देऊ करतो, पण अचेबे ‘आठशे’ म्हणत नाहीत, दोनदा चारशे असे म्हणवितात. इंग्रजी वाचकाला हा बोलण्याचा एक लकबी प्रकार वाटतो. खरे पाहता इंग्रजीच्या खाली इग्बो ‘न्नु’ चालत असतो. मराठी अनुवादकाने येथे सरळ ‘आठशे’ लिहिले तर तो अर्थ देतो आणि हिशेब घालवतो. विसांनी मोजण्याची ‘कोडी’ मराठीजवळ असताना हे व्हावे, याचे आश्चर्य वाटते. ‘वीस-वीस कोडींचे दोन ढीग’ असे कोणी लिहिले तर न्वाकिबियेच्या तोंडी ते अधिक शोभेल.

1964 च्या ‘ॲरो ऑफ गॉड’मध्ये प्रश्न याहून गंभीर होतो. उलु देवाचा पुजारी एझेउलु प्रत्येक नव्या चंद्राला राखून ठेवलेल्या पवित्र यामांपैकी एक भाजून खातो. ते संपत आले की नव्या यामाच्या सणाचा दिवस तो जाहीर करणार. गोऱ्या अधिकाऱ्याने त्याला ठाण्यावर अडकवून ठेवले, चंद्र उगवून गेले, याम खाल्ले गेले नाहीत. परत आल्यावर ते याम शिल्लक असेतोवर दिवस सांगण्यास तो नकार देतो. शेतात पीक तयार, पण काढता येत नाही. जमीन कडक होते, कंद सडू लागतात, घरोघर उपासमार. आणि शेवटी लोक आपले याम घेऊन ख्रिस्ती देवळाच्या आश्रयाला जातात. कादंबरीचा सारा भार या एका कंदाच्या स्वभावावर आहे: तो नगाने मोजता येतो, बरेच महिने अखंड टिकतो, एक कंद एका माणसाच्या एका विधीला पुरतो, आणि वर्षातून एकदाच निघतो. आता येथे ‘सुरण’ घालून पाहावे. सुरण म्हणजे विळीवर कापून वजनाने विकावयाची वस्तू; पुजाऱ्याने दर अमावास्येनंतर एक सुरण खाल्ला, हे वाक्य मराठी वाचकाला हसवील. ‘रताळे’ घालावे तर ते काही आठवड्यांत सुरकुतणार, कोंभ धरणार. त्याचे पंचांग होऊ शकत नाही. शिवाय रताळे मराठी मनात उपवासाशी जोडलेले, गोड, हलके. एका गावाचा देव ज्याच्यापायी कोसळतो ती वस्तू ही नव्हे.

जीच्या खालोखाल ‘एदे’. हा अळूचा कंद. अचेबे यांच्या कथेतील समाजात याम हे पुरुषाचे पीक. एदे, शेंगा आणि कसावा ही बायकांची. येथे मराठी अनुवादकाला नशिबाने हात दिला आहे, कारण एदे या नावाखाली जी पिके येतात त्यांपैकी एक म्हणजे कोकणातल्या ओल्या परसातले अळूच. त्याचे मूळ स्थान आशियात आहे आणि आफ्रिकेत ते इकडूनच गेले. त्याच्या कंदाला मराठीत ‘अळकुडी’ हा घरगुती शब्द आहे. इंग्रजीतील ‘कोकोयाम’वरून ‘कोकोयाम’ असे लिहून ठेवण्याचे काहीच कारण नाही, आणि तसे लिहिल्याने हानी होते: पुरुषाचा याम व बायकांची अळकुडी यांतील अंतर नाहीसे होऊन दोन्ही ‘याम’च होतात. वाळवून ठेवलेल्या एदेच्या एका पदार्थाला इग्बोत ‘आचिचा’ म्हणतात, आणि गव्हाच्या पावालाही त्या भाषेत आचिचा हाच शब्द आहे. परके अन्न ओळखीच्या नावाखाली घेण्याची ही आणखी एक खूण.

आणि आक्पु. त्याला सण नाही, पदवी नाही, देवता नाही. जीच्या घरात नाव मिळाले, पण ओबावर जागा मिळाली नाही. त्याचा खरा प्रसार विसाव्या शतकातला, आणि त्यामागचे कारण विदारक आहे. 1918-19 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने नायजरच्या खालच्या खोऱ्यात इतकी कामाची माणसे नेली की याम लावणे, त्यांना आधार देणे, काढणे ही नेमक्या दिवसांत उरकावयाची जड कामे होईनात. कसावा मात्र थोड्या श्रमात येतो आणि हवा तेव्हा काढण्यापुरता जमिनीत थांबून राहतो. इतिहासकार डॉन ओहादिके यांनी 1981 साली हा संबंध मांडला. तेव्हा ‘आक्पु’ हा शब्द ज्या घरात पुरुषांच्या जिभेवर तुच्छतेने येतो त्याच घराला त्याने जगविलेले असते. फ्लोरा न्वापा यांनी 1986 साली ‘कसावा साँग अँड राइस साँग’ हे काव्य प्रसिद्ध केले, त्यात कसाव्याला माता म्हणून संबोधिले आहे. हे काव्य भारतीय भाषेत आणणाऱ्याने आधी याम आणि कसावा यांच्यामधील पायरी वाचकाला दाखविलेली नसेल, तर त्यातील बंड कोणाला कळणार? एका गरीब कंदाची स्तुती, एवढेच उरेल. घानातील अकान भाषेत कसाव्याला ‘बान्के’ म्हणतात. ‘आबान’ म्हणजे किल्ला अथवा सरकार आणि ‘के’ म्हणजे देणगी, अशी त्याची फोड सांगितली जाते. किल्ल्यावरच्या गोऱ्यांची देणगी! व्युत्पत्ती खरी असो वा लोकांनी रचलेली, तिच्यातला टोमणा खरा आहे.

अनुवादाची अडचण येथवर स्पष्ट झाली. आता तिच्यावर उपाय म्हणून इंग्रजी कोश अधिक जाड करावे, असे कोणी सुचविले तर ते व्यर्थ होय. उपाय शेजारी आहे; तेथे पाहण्याची सवय नाही. इग्बोने जे ‘जी’चे केले तेच तेलुगूने आपल्या ‘पेंडलमु’चे केले आहे: पेंडलमु म्हणजे कोनफळ, आणि कसावा आला तेव्हा तो ‘कर्रपेंडलमु’, लाकडी कोनफळ, झाला. जी आणि जी-आक्पु यांतील नाते तेलुगू अनुवादकाला एकही टीप न देता दाखविता येते. कन्नडमध्ये हेच काम रताळ्याने केले, ‘गेणसु’वरून ‘मरगेणसु’. बंगाली व असमिया यांनी कसाव्याला शिमुल आलु, शिमलु आलु अशी नावे दिली, म्हणजे सावरीच्या झाडाचा कंद. कारण दोहोंची पाने हाताच्या बोटांसारखी फाकलेली. आता गंमत अशी की इग्बोतही सावरीच्या झाडाला ‘आक्पु’च म्हणतात. इग्बो ही उच्चनीच सुरांची भाषा असल्याने, सूर न तपासता हे दोन शब्द एकच म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ब्रह्मपुत्रेच्या आणि नायजरच्या काठी दोन शेतकरी एकाच परक्या रोपाकडे पाहत आहेत आणि दोघांनाही सावर आठवते आहे, हे चित्र तुलनाकारांनी दुर्लक्षावे असे नाही.

मलयाळममध्ये तर कसावा हा ‘कप्प’ म्हणून लोकांचे रोजचे अन्नच आहे. त्रावणकोरचे विशाखम् तिरुनाळ यांनी 1880 ते 1885 या आपल्या कारकीर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले; पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा त्याने घरे तारली. कप्प आणि मासळी जेवणाऱ्याला न्वापांचे काव्य समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तरेकडे वेगळीच कथा घडली. संस्कृतात ‘आलु’, ‘आलुक’ हे कंदांचे व्यापक नाव, जवळजवळ जीसारखेच प्रमुख पद. रतालू, पिंडालू, कचालू यांत ते अजून दिसते. बटाटा आला आणि हिंदीत त्याने ‘आलू’ हे पदच बळकावले. पाहुणा गादीवर बसला आणि घरच्या कंदांना विशेषणे लावून फिरावे लागले. इग्बोत पाहुणा जीच्या पायाशी राहिला. हिंदीत तोच राजा झाला. मराठीने तिसरा मार्ग धरला: पोर्तुगिजांचा ‘बटाटा’ हा शब्दच घेतला, जो मुळात कॅरिबियन बेटांवरचा आणि रताळ्याचा. आणि त्याच संस्कृत ‘रक्तालु’पासून मराठीने ‘रताळे’ केले, तर गुजरातीने ‘रताळु’ हे नाव उंधियूत पडणाऱ्या जांभळ्या कोनफळाला ठेवले. म्हणजे यामसाठी योग्य शब्द गुजरातीत ‘रताळु’ आहे आणि मराठीत ‘रताळे’ हाच सर्वांत अयोग्य. अशा सख्ख्या शब्दांनी फसण्यापेक्षा अनुवादकांनी एकमेकांचे भाजीबाजार पाहावेत.

मग मराठीने याम कशाने भाषांतरावा? ‘कोनफळ’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या सर्वांत जवळचा आणि त्याच्याविषयी ममत्व वाटणे स्वाभाविक आहे. पण कोनफळाला मराठीत राज्य नाही. ‘कोनफळांचा राजा’ ही पदवी कोकणी माणसालाही थट्टेचीच वाटेल. येथे शब्द जवळचा आणि वजन दूरचे, अशी स्थिती आहे. त्यापेक्षा ‘याम’ हा शब्दच मराठीत पुल्लिंगी चालवावा, त्याला मराठी प्रत्यय लागू द्यावेत, आणि त्याच्या भोवतालचे सारे, अळकुड्या, शेंगा, कोडी, सण, घरगुती मराठीत ठेवावे. एकच परका शब्द ओळखीच्या शब्दांमध्ये उभा राहिला म्हणजे त्याचे वेगळेपण आपोआप थोरवीत बदलते. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थसूची जोडण्याने हे साधत नाही. ती सूची परीक्षार्थी वाचतात, वाचक वाचत नाहीत. याम हा शब्द पोर्तुगिजांच्या मार्फत आफ्रिकेतूनच निघाला असल्याने तो घेण्यात इंग्रजीची मिंधेगिरीही नाही. जेथे पात्र इग्बोत मंत्र म्हणते, सण पुकारते, तेथे मात्र ‘जी’च राहू द्यावा.

कसाव्याच्या बाबतीत मराठीची स्थिती विलक्षण आहे. महाराष्ट्र एकादशीला कसावा खातो आणि तो कसावा आहे हे त्याला ठाऊक नसते. साबुदाण्यातला ‘साबु’ हा मलायी ‘सागु’ या ताडाचा; भारतात मात्र साबुदाणा कसाव्याच्या पिठाचा होतो, आणि तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात 1940 च्या दशकापासून त्याचा धंदा वाढला. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, उपवासाचे हे चारही आधार अमेरिकेतून आलेले. मराठी धर्मजीवनाने परक्या कंदमुळांना सोवळ्यात घेतले, इग्बोने आक्पुला देवघराबाहेर ठेवले. ‘साबुदाण्याचा कंद’ असे एकदा कथेच्या ओघात म्हणून पुढे ‘कसावा’ चालविण्यास हरकत नाही. पण पुढे कोठेही त्याला उपवासाचा वास येऊ देता कामा नये.

नामांबाबत इतकी अडचण असली तरी क्रियापदांबाबत मराठी श्रीमंत आहे, आणि अनुवादांत नेमके हेच विसरले जाते. इग्बो भाषा खाण्याच्या क्रिया बारकाईने वेगळ्या करते: अन्न खाणे ‘रि’, मांस किंवा कोला चावणे ‘ता’, गिळणे ‘लो’, पिणे ‘ङु’. (मराठीत एरवी बेकार बसलेल्या ङ या अक्षराला येथे काम मिळते, उलट इग्बोतील ‘क्प’ आणि ‘ग्ब’ हे एकाच फटक्यात उच्चारावयाचे व्यंजन आहेत, त्यांना देवनागरीत न्याय देता येत नाही.) याम शिजवून उखळात कांडतात, त्याचा चिकट गोळा होतो, तो चावावयाचा नसतो, रश्शात बुडवून गिळावयाचा असतो. नायजेरियातील इंग्रजीत अशा अन्नांना ‘स्वॅलो’ असे नामच पडले आहे. अनुवादात याला कधी भाकरी म्हणतात, कधी लापशी. भाकरी मोडावी लागते आणि लापशी ओरपावी लागते. गोळा या दोहोंत बसत नाही. कन्नड वाचकाला नाचणीची मुद्दे ठाऊक आहे, तीही न चावता गिळतात, आणि त्याला फुफूचे वर्णन दोन शब्दांत कळेल. मराठीत ‘कांडलेल्या यामाचा गोळा’ पुरेसा आहे, मात्र त्याच्यापुढचे क्रियापद ‘गिळणे’ असावे, ‘खाणे’ नव्हे. कसावा किसतात, पोत्यात भरून दाबून पिळतात, आंबवतात, कढईत भाजतात, तेव्हा गारी होते. कडू कसाव्यातील विष याच क्रमाने निघून जाते. गारी गरम पाण्यात वैरून घोटली की एबा. योरुबांचा आमाला वाळवलेल्या यामाच्या पिठाची उकड काढून होतो. किसणे, पिळणे, आंबवणे, वैरणे, घोटणे, उकड काढणे, ही सर्व क्रियापदे मराठी घरात आजही रोज वापरली जातात. बाळंतिणीला यामाचे तिखट गरम पाणी, ‘जी म्मिरी ओकु’, देतात. त्याला ‘यामाचे सूप’ म्हणणाऱ्या अनुवादकाने बाळंतिणीला काय देतात ते आपल्या आजीला विचारले असते तर त्याला ‘कढत सार’ हा शब्द सहज मिळाला असता.